रस्ता चालणाऱ्यांना द्यायचा, तर आधी काय काय हलवावे लागते

मध्यवर्ती बाजारपेठेतला एखादा रस्ता पायी चालणाऱ्यांसाठी राखायचा असे ठरले, की पहिल्याच बैठकीत चर्चा एका प्रश्नापाशी अडते: गाड्या कुठून जाणार? प्रश्न बरोबर आहे, पण एकटा पुरेसा नाही. त्या रस्त्यावरून आणखी बरेच काही जात असते. दुकानांचा माल येतो. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांचे जड सामान येते, कधी रुग्णवाहिका येते. पावसाचे पाणी वाहते. खाली जलवाहिनी, मलवाहिनी, विजेच्या आणि इंटरनेटच्या केबल असतात. आग लागली तर बंब शिरतो. दृष्टिहीन माणूस फुटपाथच्या कडेला काठी लावत चालतो. गाड्या काढल्या की या प्रत्येकाची जुनी जागा बदलते आणि नवी जागा ठरवून द्यावी लागते. पादचारी रस्ता फसतो तेव्हा कारण शोधत गेले, की बहुधा यातल्या कोणाला तरी जागा द्यायची राहिलेली सापडते. फाटक लावणे हे शेवटचे आणि सगळ्यात सोपे काम.

आधी मोजणी

आराखडा काढण्यापूर्वी निदान एक कामाचा दिवस आणि एक सुट्टीचा दिवस, सकाळपासून रात्री दुकाने बंद होईपर्यंत, दर पंधरा मिनिटांच्या टप्प्याने मोजणी करावी. चार गोष्टी वेगवेगळ्या मोजायच्या: रस्त्याच्या एका टोकाला शिरून न थांबता दुसऱ्या टोकाला बाहेर पडणाऱ्या गाड्या, तिथेच काम असलेल्या गाड्या, मालाच्या गाड्या आणि पायी माणसे. पहिल्या दोन वेगळ्या काढायची सोपी रीत म्हणजे दोन्ही टोकांना नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे आणि वेळ टिपणे. तीनचार मिनिटांत जी जोडी जुळते ती गाडी फक्त वाट म्हणून हा रस्ता वापरते. या गाड्यांना दुसरी वाट देता येते. उरलेल्यांना थांबायची जागा द्यावी लागते. दोन्ही एकत्र मोजले तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

पार्किंगची पाहणी दर अर्ध्या तासाने करावी आणि त्यातही नंबर टिपावेत. मग लक्षात येते की काही गाड्या सकाळी येऊन रात्रीपर्यंत हलतच नाहीत. त्या गिऱ्हाइकांच्या नसतात, दुकानमालकांच्या किंवा कामगारांच्या असतात. अशी एक जागा दिवसभरात एकाच माणसाच्या उपयोगी पडते; तासाभरात रिकामी होणारी जागा दहाबारा जणांच्या. पार्किंग गेले तर धंदा बुडेल, ही दुकानदारांची भीती खरी असते आणि ती नुसत्या आश्वासनाने जात नाही. तिला उत्तर म्हणून आकडे लागतात. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल शहरात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दुकानदारांचा अंदाज होता की ४१ टक्के गिऱ्हाईक गाडीने येते; गिऱ्हाइकांना विचारले तेव्हा प्रमाण निघाले २२ टक्के. हे आकडे दुसऱ्या शहराला लागू पडत नाहीत, पण पद्धत पडते: दुकानाच्या दारात उभे राहून बाहेर पडणाऱ्याला विचारायचे, कसे आलात, कुठून आलात, आठवड्यातून किती वेळा येता.

मालाची मोजणी सगळ्यात कंटाळवाणी असते आणि म्हणून बहुतेक ठिकाणी ती गाळली जाते. ती गाळू नये. प्रत्येक दुकानामागे एवढे हवे: आठवड्यात किती खेपा, कोणत्या वेळी, कोणते वाहन, किती मिनिटे उभे राहते, माल डोक्यावरून उतरतो की हातगाडीवरून. फर्निचरच्या किंवा लोखंडी सामानाच्या दुकानाची गरज आणि कापडाच्या दुकानाची गरज एकसारखी नसते.

गाड्यांची वाट

एकच रस्ता बंद केला आणि बाकी काही बदलले नाही, तर गाड्या शेजारच्या समांतर गल्लीत शिरतात. ती गल्ली अरुंद असते, तिथे शाळा किंवा घरे असतात आणि महिनाभरात तिथले रहिवासी विरोधात उभे राहतात. त्यांची तक्रार योग्यच असते. म्हणून नियोजनाचे एकक एक रस्ता नसते, संपूर्ण मध्यभाग असतो.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनने १९७७ मध्ये एक साधी युक्ती केली. शहराच्या मध्यभागाचे चार भाग पाडले आणि गाडीने एका भागातून थेट दुसऱ्या भागात जायची सोय काढून टाकली. कोणत्याही भागात गाडी नेता येते, पण शेजारच्या भागात जायचे तर आधी बाहेरच्या वळणरस्त्यावर यायचे आणि तिथून पुन्हा आत शिरायचे. पायी, सायकलने किंवा बसने मात्र सरळ जाता येते. बेल्जियमच्या गेंट शहराने एप्रिल २०१७ मध्ये हीच कल्पना वापरली, वाहनमुक्त गाभ्याभोवती सहा विभाग पाडून. दारापर्यंत गाडी जाते, त्यामुळे कोणाची अडवणूक होत नाही. फक्त मध्यभाग ओलांडून पलीकडे जाण्याचा जवळचा मार्ग नाहीसा होतो, आणि गर्दीतला मोठा वाटा याच गाड्यांचा असतो.

यासाठी फार मोठे बांधकाम लागत नाही. एकेरी दिशा अशा फिरवायच्या की आत शिरलेली गाडी एका चौकोनात फिरून ज्या बाजूने आली त्याच बाजूने बाहेर पडेल. चारसहा नाक्यांवर कुंड्या किंवा खांब, काही फलक, सिग्नलच्या वेळेत बदल, एवढ्यात काम होते. पण हे रस्ता बंद करण्याच्या आधी व्हायला हवे. त्याच दिवशी दोन्ही गोष्टी केल्या तर चालक गोंधळतो आणि सगळा दोष पादचारी रस्त्यावर येतो.

बंद केलेल्या रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या दुसरीकडे दिसतातच असेही नाही. १९९८ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी अशा रस्ताबंदीची अनेक उदाहरणे तपासली आणि नंतर ती संख्या सत्तरपर्यंत नेली. आजूबाजूच्या रस्त्यांवर वाढलेल्या गाड्या धरूनही एकूण वाहतुकीत घट दिसली; ती बदललेल्या रस्त्यावरच्या आधीच्या वाहतुकीच्या सरासरी २२ टक्के होती. मात्र उदाहरणे चढत्या क्रमाने लावून मधले पाहिले तर घट सुमारे ११ टक्के होती. म्हणजे काही ठिकाणच्या फार मोठ्या घटीने सरासरी वर ओढली गेली. नियोजन करताना मधलाच आकडा धरावा, तोही सावधपणे. काही जण वेळ बदलतात, काही दोन कामे एका फेरीत करतात, काही चालत येतात. पण पर्याय नसेल तर कोणीच काही बदलत नाही. चालत येण्याजोगे अंतर किंवा भरवशाची बस हा तो पर्याय.

भोवतालच्या ज्या रस्त्यांवर गाड्या राहणार तिथे वेग उतरवावा लागतो. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो असे धरले, तर कोरड्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरची गाडी सुमारे १३ मीटरमध्ये थांबते, ५० ची सुमारे २८ मीटरमध्ये. पंधरा मीटरवर मूल रस्त्यात आले तर पहिली गाडी त्याच्या अलीकडे थांबते. दुसरी ब्रेक नुकता लागत असताना, जवळपास पूर्ण वेगाने त्याला धडकते. फलकाने वेग उतरत नाही. चौकाच्या कोपऱ्याची त्रिज्या आठदहा मीटरवरून तीनचार मीटरवर आणली की वळणारी गाडी आपोआप हळू होते आणि पायी माणसाचे ओलांडायचे अंतरही घटते. बस वळणारे कोपरे मात्र आधी वळणाचा नकाशा काढून तपासावेत, नाहीतर मागचे चाक फुटपाथवर चढते.

रुंदीची वाटणी

इमारतीपासून इमारतीपर्यंत १२ मीटर रुंदीचा रस्ता घेऊ. मध्ये ४ मीटरचा सलग, निर्वेध पट्टा: अग्निशमन बंबासाठी. अशा वाटेची किमान रुंदी वेगवेगळ्या नियमावल्यांत साधारण साडेतीन ते सहा मीटर अशी आढळते. आपल्या अग्निशमन दलाकडून ती लेखी घ्यावी आणि आराखडा त्यावरच बांधावा. त्याच्या दोन्ही बाजूंना १.६ मीटरचा पट्टा झाडे, बाक, दिव्यांचे खांब, कचराकुंड्या, सायकल स्टँड यांच्यासाठी. मग इमारतींना लागून दोन्हीकडे २.४ मीटरची चालण्याची वाट. बेरीज १२.

कागदावरचे २.४ मीटर प्रत्यक्षात तेवढे मिळत नाहीत. भिंतीला खेटून कोणी चालत नाही, दुकानाच्या काचेसमोर माणसे थांबतात, दारे बाहेर उघडतात. अर्धा मीटर त्यात जातो. उरतात १.९. दोन चाकाखुर्च्या समोरासमोर आल्या तर निघायला १.८ मीटर लागतात, म्हणजे हिशेब जेमतेम बसतो. आरामात चालता यावे असे वाटत असेल तर एक मीटर रुंदीतून मिनिटाला तिशीच्या आसपास माणसे धरावीत. त्यापुढे लोक एकमेकांना चुकवत चालू लागतात. सणासुदीच्या गर्दीत मधला ४ मीटरचा पट्टाही चालायला मिळतो, म्हणून तो कायम रिकामा राहणे महत्त्वाचे. रस्ता थोडा ओका दिसतो म्हणून तिथे कोणीतरी कारंजे किंवा कमान सुचवतोच. ठाम नकार द्यावा.

झाडाच्या बाबतीत जमिनीवरच्या चौकटीपेक्षा खालची माती मोजावी. दीड मीटर लांबरुंद, एक मीटर खोल खड्ड्यात सव्वादोन घनमीटर माती मावते. सावली देणाऱ्या मध्यम झाडाला तिच्या पाचसहा पट तरी हवी. ती मिळाली नाही की मुळे ओल शोधत फरशीच्या खालच्या वाळूत शिरतात आणि फरशा उचलल्या जातात. झाड दोषी ठरते, तोडले जाते. स्टॉकहोममध्ये यावर वापरतात ती पद्धत अशी: फरसबंदीखाली १०० ते १५० मिलिमीटरच्या मोठ्या दगडांचा थर दाबून बसवायचा आणि दगडांमधल्या पोकळीत माती पाण्याने धुऊन उतरवायची. भार दगड पेलतो, मुळांना माती आणि हवा मिळते. खर्च जास्त आहे, पण तो एकदाच करावा लागतो.

पाणी: सगळ्यात जास्त चुका इथे होतात

नेहमीच्या रस्त्यात फुटपाथ साधारण १५० मिलिमीटर उंच असतो. ही उंची गाड्या अडवते एवढेच आपल्या लक्षात असते. पण ती पाणीही अडवते. दोन कर्बांमधला, म्हणजे फुटपाथच्या उभ्या कडांमधला, रस्ता म्हणजे उथळ पन्हळ असते. सात मीटर रुंद रस्त्यावर, मधला फुगवटा वजा जाता, प्रत्येक मीटर लांबीमागे पाऊण घनमीटरच्या आसपास पाणी दुकानात न शिरता थांबू शकते. पादचारी रस्ता करताना कर्ब काढून सगळे एका पातळीत आणले, की हे भांडे नाहीसे होते. पहिल्या जोरदार पावसात पाणी थेट उंबऱ्यांवर येते.

उपाय आहे, पण तो रेखाटनाच्या पहिल्या दिवशी करावा लागतो. रस्ता दोन्ही इमारतींकडून मध्याकडे उतरता ठेवायचा, ५० ला १ या उताराने, म्हणजे २ टक्के. यापेक्षा जास्त आडवा उतार चाकाखुर्चीला सतत एका बाजूला ओढतो. यापेक्षा फार कमी असेल तर पाणी साचून राहते. १२ मीटर रुंदीत मध्य ६ मीटरवर आहे, म्हणजे तो उंबऱ्याच्या कडेपेक्षा १२० मिलिमीटर खाली जातो. अशा उथळ इंग्रजी ‘व्ही’ आकारात प्रत्येक मीटर लांबीमागे सुमारे ०.७ घनमीटर पाणी मावते. जुन्या भांड्याएवढेच भांडे, फक्त कर्बाशिवाय. मध्यरेषेवर जाळीची अरुंद पन्हळ आणि तिला लांबीच्या दिशेने २०० ला १ च्या आसपास उतार. जाळीची भोके १३ मिलिमीटरपेक्षा रुंद नसावीत आणि लांबट असतील तर चालण्याच्या दिशेला आडवी बसवावीत. उभी बसवली तर चाकाखुर्चीचे पुढचे लहान चाक, काठीचे टोक, सायकलचा टायर त्यात अडकतो.

यासाठी पातळ्यांचे सर्वेक्षण रस्त्याच्या मध्यापासून सुरू करून भागत नाही. प्रत्येक दाराच्या उंबऱ्याची पातळी आधी मोजायची. जुन्या बाजारपेठेत लागून असलेल्या दोन दुकानांचे उंबरे वीसतीस सेंटिमीटरने वेगळे असू शकतात. सगळ्यात खालचा उंबरा नियम ठरवतो. वरच्यांना इमारतीच्या हद्दीतच छोटा उतार द्यावा लागतो, १२ ला १ पेक्षा तीव्र नाही. त्या दुकानदाराशी बोलणी कामाच्या आधी करावीत. यंत्र दारात आल्यावर केलेली बोलणी भांडणात संपतात.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे जुने डांबर न खरवडता त्यावरच नवा थर टाकणे. प्रत्येक थराने रस्ता वर येतो आणि उंबरे खाली जातात. जुना थर काढूनच काम सुरू करायचे, ही अट निविदेत स्पष्ट शब्दांत आणि खोलीच्या आकड्यासह असावी.

जमिनीखाली

फरसबंदीच्या आधी जमिनीखालची सगळी कामे पूर्ण झाली पाहिजेत. हे सगळ्यांना माहीत असते आणि तरीही नव्या रस्त्यावर सहा महिन्यांत खोदाई होते, कारण प्रत्येक खात्याचे वेळापत्रक वेगळे. पाणी, मलनिस्सारण, वीज, दूरसंचार यांना पुढच्या दहा वर्षांत काय बदलायचे आहे ते लेखी मागवावे. जुनी मलवाहिनी आतून कॅमेरा फिरवून तपासावी. तडे गेलेली नळी नव्या फरशीखाली ठेवली तर माती हळूहळू तिच्यात झिरपते आणि वर खड्डा पडतो. केबलसाठी डक्ट, म्हणजे केबल ओढून न्यायच्या नळ्या, टाकताना दोनतीन रिकामे जादा टाकावेत आणि दर तीसचाळीस मीटरवर चेंबर ठेवावे. रिकाम्या डक्टचा खर्च फरशी उखडून पुन्हा बसवण्याच्या खर्चापुढे किरकोळ असतो.

चर बुजवताना भराव १५० ते २०० मिलिमीटरच्या थरांत टाकून प्रत्येक थर दाबायचा. एकदम मीटरभर भराव टाकून वरून यंत्र फिरवले तर दाब खालपर्यंत पोचत नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर फरशांमध्ये जी सरळ, लांब खोलगट रेघ दिसते ती याच चराची असते.

फरसबंदी

पेव्हर ब्लॉकची जाडी वजनावर ठरते. फक्त पायी वापराला ६० मिलिमीटर, हलक्या वाहनांना ८०, जड वाहनांना १००. पादचारी रस्त्यावर गाड्या नाहीत म्हणून सर्रास ६० चे ब्लॉक मागवले जातात. पण त्याच रस्त्यावर पहाटे मालाचा ट्रक आणि प्रसंगी पूर्ण भरलेला बंब येणार असतो. शिडीचा बंब बाजूचे आधारपाय टेकवतो तेव्हा सगळा भार चार छोट्या तळव्यांवर येतो. म्हणून मधल्या पट्ट्यात ८० पेक्षा कमी नको. तिथल्या पायाची जाडी अभियंत्याने बंबाचे वजन धरून काढावी.

ब्लॉकखाली वाळूचा थर सुमारे ३० मिलिमीटर, सगळीकडे सारखा. पाया उंचसखल राहिला म्हणून वाळूने भरून पातळी जुळवणे ही कारागिरांची हमखास पळवाट. जिथे वाळू ७० झाली तिथे ब्लॉक खचणारच. पातळी पायातच जुळवायची. वाहन जाणार तिथे ब्लॉक माशाच्या काट्यासारख्या (हेरिंगबोन) आकृतीत, म्हणजे एकमेकांना काटकोनात तिरपे गुंफून बसवावेत. सरळ ओळीत बसवलेले ब्लॉक ब्रेक मारणाऱ्या चाकाबरोबर सरकतात. कडेला काँक्रीटमध्ये पक्की बसवलेली पट्टी हवी, नाहीतर सगळी बैठक बाहेरच्या बाजूला पसरते आणि सांधे उघडतात. सांधे २ ते ५ मिलिमीटर, त्यांत कोरडी बारीक वाळू झाडून भरायची, प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे थरथरत दाब देणारे यंत्र, फिरवायचे, पुन्हा भरायची. ब्लॉकला ताकद या सांध्यातल्या वाळूने येते. दोनतीन महिन्यांनी ती खाली बसते; तेव्हा परत एकदा भरायची तरतूद कंत्राटातच असावी.

नैसर्गिक दगड वापरायचा तर पृष्ठभाग खरखरीत ठेवावा. पॉलिश केलेला दगड नमुन्यात सुंदर दिसतो आणि ओला झाला की माणसे पाडतो. नमुना ओला करूनच मंजूर करावा.

ज्यांना दिसत नाही त्यांची वाट

कर्ब काढल्याने चाकाखुर्ची आणि बाबागाडीची सोय होते. दृष्टिहीन माणसाची मात्र तीच खूण हरवते. त्याच्या काठीला कर्ब सांगत होता की सुरक्षित जागा इथे संपते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये झालेल्या चाचण्यांत ६० मिलिमीटर उंचीची कड खात्रीने ओळखता येते असे आढळले. त्याहून कमी उंचीची कड निसटू शकते. म्हणून ज्या रस्त्यावर थोडी तरी वाहने कायम राहणार तिथे संपूर्ण सपाटीचा हट्ट धरू नये. लहान कड ठेवून ओलांडण्याच्या जागी ती उतरवावी.

स्पर्शाने कळणाऱ्या उंचवट्यांच्या फरशा जपानच्या सेइइची मियाके यांनी तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवल्या. भाषा दोनच शब्दांची आहे: लांब पट्ट्या म्हणजे पुढे चला, गोल ठिपके म्हणजे थांबा, इथे काहीतरी आहे. त्या बसवताना होणाऱ्या चुका जीवघेण्या ठरतात. पट्टी खांबावर जाऊन आपटते. चेंबरचे झाकण आले की तुटते आणि पलीकडे वेगळ्या रेषेत सुरू होते. शोभेसाठी नागमोडी नेली जाते. ठिपक्यांच्या जागी पट्ट्या बसतात, कारण तेच ब्लॉक शिल्लक होते. पट्टीच्या दोन्ही बाजूंना निदान ६०० मिलिमीटर काहीही नसावे आणि चेंबरच्या झाकणावर तीच फरशी बसेल असे खोलगट झाकण मागवावे. रंग आजूबाजूच्या फरशीपेक्षा ठळक वेगळा हवा, कारण दृष्टिदोष असलेल्या बऱ्याच जणांना थोडे दिसत असते. काम संपण्याआधी काठीने चालणाऱ्या दोघातिघांना सोबत घेऊन सगळा रस्ता चालून पाहावा. त्यांच्या चुकलेल्या प्रत्येक पावलाची नोंद घ्यावी आणि तिथली फरशी त्याच आठवड्यात बदलावी. हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही.

वयस्क माणसांसाठी दर ५० मीटरच्या आत बसायची जागा, आणि त्यातल्या काही बाकांना पाठ आणि हात हवेत. हाताचा आधार नसेल तर गुडघे दुखणाऱ्याला उठता येत नाही.

माल, रहिवासी, अपंग व्यक्ती

मालासाठी सर्वसाधारण तोडगा म्हणजे ठरावीक वेळ: पहाटेपासून दुकाने गजबजेपर्यंत मालगाड्यांना प्रवेश, मग बंद. दिल्लीतल्या चांदणी चौकात लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतच्या पट्ट्यावर २०२१ पासून सकाळी ९ ते रात्री ९ मोटारवाहनांना मनाई आहे. वेळ कोणतीही ठरो, ती सगळ्या आठवड्यात एकच असावी. वारानुसार बदलणारी वेळ कोणाच्या लक्षात राहत नाही. ज्यांचा माल दिवसा येणे अटळ आहे त्यांच्यासाठी आडव्या रस्त्यांच्या तोंडाशी माल उतरवायचे थांबे करावेत, सुमारे १२ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद, जिथून दुकानापर्यंत हातगाडीने ५०-६० मीटरपेक्षा जास्त ओढावे लागणार नाही. थांब्यापासून दुकानापर्यंत एकही पायरी नको.

प्रवेश अडवायला बोलार्ड, म्हणजे खांब, लावतात. दोन खांबांमधली मोकळी जागा १.२ ते १.५ मीटर ठेवली तर चाकाखुर्ची जाते, मोटारगाडी जात नाही. पण मोटारसायकल सहज जाते. खांब जवळ आणून तिला अडवायला गेले तर आधी चाकाखुर्ची अडते. इथे खांबाचा इलाज चालत नाही. सुरुवातीचे काही महिने टोकांवर माणूस उभा करणे, आणि दुचाकींसाठी अगदी तोंडाशी भरपूर पार्किंग देणे, एवढेच उपाय खरे ठरतात. जागा शंभर पावलांवर असेल तर लोक लावतात.

अपंग व्यक्तींच्या गाड्यांना राखीव जागा रस्त्याच्या प्रत्येक तोंडाशी हव्यात. स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियानाने मध्यभाग वाहनांना बंद केल्यावर तिथे छोट्या विजेच्या गाड्या सुरू केल्या, फुकट, हात दाखवला की थांबणाऱ्या. लांब पादचारी भागासाठी अशी सोय आधीपासून आराखड्यात धरावी.

कच्चा प्रयोग आधी

कोपनहेगनचा स्ट्रॉयट हा सुमारे १.१ किलोमीटरचा रस्ता नोव्हेंबर १९६२ मध्ये प्रयोग म्हणूनच बंद झाला होता. कायमचा निर्णय दोन वर्षांनी झाला. ब्राझीलच्या कुरितिबात महापौर जायमे लेर्नर यांनी १९७२ मध्ये मुख्य बाजाररस्त्याचे काम शुक्रवारी संध्याकाळी सुरू करून सोमवारी लोकांपुढे ठेवले. दुकानदारांचा आधी विरोध होता. पुढे पट्टा वाढवा अशी मागणी त्यांच्यातूनच आली. काही वाहनचालकांनी गाड्या घुसवायचे ठरवले तेव्हा रस्त्यावर कागद पसरून मुलांना चित्रे काढायला बसवले गेले. न्यूयॉर्कमध्ये मे २००९ मध्ये ब्रॉडवेचा ४२ ते ४७ व्या रस्त्यादरम्यानचा भाग बंद झाला, तेव्हा बसायला घडीच्या खुर्च्या टाकल्या होत्या. पक्के बांधकाम कित्येक वर्षांनी पुरे झाले.

प्रयोगाला रंग, जड कुंड्या, सुट्या खुर्च्या, फलक एवढे पुरते. पहिल्या दोनतीन आठवड्यांच्या आकड्यांवर निर्णय घेऊ नये; चालकांना नवी वाट सापडायला तेवढा वेळ लागतो. निदान तीन महिने, त्यात एक गर्दीचा हंगाम आणि एक पावसाळी काळ यावा. सुरुवातीची मोजणी त्याच जागी, त्याच वारी पुन्हा करायची. माणसे किती आली यापेक्षा किती थांबली हे पाहावे: दर तासाला एकदा चालत जाऊन उभे असलेले आणि बसलेले मोजायचे. मुले आणि वृद्ध वेगळे टिपायचे. ती संख्या वाढली तर रस्ता सुरक्षित वाटू लागला आहे. कुंड्या कुठे सरकवल्या गेल्या, लोक कुठून आडवे जातात, पाणी कुठे साचले, हे सगळे पक्क्या आराखड्याचे साहित्य असते.

काही रस्ते सगळे नीट करूनही ओस पडतात. अमेरिकेत मिशिगनमधल्या कॅलमाझू शहराने १९५९ मध्ये देशातला पहिला पादचारी बाजाररस्ता केला. त्यानंतर देशभर सुमारे दोनशे झाले आणि पुढे त्यातले बहुतेक पुन्हा गाड्यांना उघडले. कॅलमाझूनेही १९९८ मध्ये तेच केले. तिथे मध्यभागात राहणारी माणसेच कमी झाली होती, खरेदी उपनगरांत गेली होती आणि कचेऱ्या सुटल्यावर येणारे कोणी नव्हते. रस्ता बंद केल्याने माणसे निर्माण होत नाहीत. जिथे आधीच माणसे दाटीवाटीने चालत आहेत तिथे त्यांना जागा देणे, हेच याचे काम. म्हणून निवड करताना पाहावे: वरच्या मजल्यांवर घरे आहेत का, बसथांबा पाच मिनिटांवर आहे का, आणि शंभर मीटरमध्ये दारे किती आहेत. पंधरावीस दारे असतील तर चालणाऱ्याला दर चारपाच सेकंदांना नवे काही दिसते. एकच लांबलचक बंद भिंत असेल तर तो रस्ता निवडू नये. पहिला तुकडा लहान, दोनतीनशे मीटरचा ठेवावा. तो भरला की वाढवता येतो.

देखभाल

ब्लॉक मागवताना चारपाच टक्के जादा घेऊन साठवावेत, कारण तीन वर्षांनी तीच छटा मिळत नाही. खोदाईची परवानगी देताना ब्लॉक हाताने काढणे, रचून ठेवणे आणि त्याच आकृतीत परत बसवणे ही अट घालावी, अनामत रक्कम घ्यावी आणि ती एक पावसाळा गेल्यावरच परत करावी. मधली पन्हळ पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यात दर महिन्याला उपसावी लागते. उचलता येणाऱ्या बोलार्डची किल्ली नेमकी कोणाकडे, हे नावानिशी ठरलेले असावे. एक अग्निशमन केंद्रात, एक रुग्णवाहिका सेवेकडे, एक सफाई खात्याकडे. आणि दर तीन महिन्यांनी बंब आणून प्रत्येक खांब खरोखर निघतो का, ते प्रत्यक्ष पाहावे.